परतीची दिशा

(मननासाठी : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १५, वचने ११ ते ३२)



उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तो मुलगा दूर देशी गेला, तेथे त्याने सर्व उडवले, मग तो शुद्धीवर आला आणि उठून बापाकडे परतला. गोष्ट इतकी ओळखीची झाली आहे की, ‘परतला’ या एका शब्दापाशी आपण थांबतच नाही. जणू परतणे म्हणजे पाठ फिरवून चालू लागणे, एवढेच! परंतु जे लोक रोज आकाशातून दूर जातात आणि रोज परत येतात, त्या वैमानिकांना विचारा. परतीची दिशा काढणे हे त्यांच्या शिक्षणातील एक महत्त्वाचे प्रकरण असते. त्या प्रकरणातून आपल्या आत्मिक जीवनाला काय शिकता येईल, याचा आज आपण विचार करू या.

एका रेषेची दोन टोके

आपल्या भाषेत आठ दिशांना आठ नावे आहेत. ईशान्येला गेलेल्या माणसाचे घर नैर्ऋत्येला राहते आणि आग्नेयेला गेलेल्याचे वायव्येला, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. वैमानिकाला आठ दिशा पुरत नाहीत. तो होकायंत्राच्या वर्तुळाचे ३६० अंश करतो. उत्तरेपासून मोजायला आरंभ करून उजवीकडे जात राहिले की पूर्व ९० अंशांवर येते, दक्षिण १८० वर, पश्चिम २७० वर आणि पुन्हा उत्तर ३६० वर.

आता परतीचा हिशोब. जाण्याची दिशा १८० पेक्षा कमी असेल तर तिच्यात १८० मिळवावे, जास्त असेल तर १८० वजा करावे. ६० अंशांवर गेलेला २४० अंशांवर परततो. २१० वर गेलेला ३० वर परततो. विमान चालवताना डोक्यातल्या डोक्यात हा हिशोब चुकू नये म्हणून वैमानिक एक सोपी युक्तीही वापरतात : १८० मिळवण्याऐवजी आधी २०० मिळवायचे आणि मग २० वजा करायचे.

विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकांवर मोठे आकडे रंगवलेले असतात. ते याच हिशोबाचे आहेत. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ लिहिले आहे आणि दुसऱ्या टोकाला २७. बेळगावच्या सांबरा विमानतळावर ०८ आणि २६, तर इंदूरला ०७ आणि २५. शेवटचे शून्य गाळून अंश लिहिण्याची ही रीत आहे, म्हणून ०९ म्हणजे सुमारे ९० अंश आणि २७ म्हणजे सुमारे २७० अंश. डांबर एकच, पट्टी एकच, परंतु तुम्ही कोणत्या टोकाला उभे आहा त्यावर तुमचा आकडा ठरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्यावर जीवनमरणाचा प्रश्न येणार आहे.

वाऱ्याचा हिशोब

नवा विद्यार्थी म्हणेल, ‘मग यात कठीण ते काय? जाताना होकायंत्रात जो आकडा होता त्याच्या उलट आकडा धरला की घर आले.’ शिक्षक त्याला म्हणतात, ‘बाबा रे, तू वाऱ्याला विसरलास.’

असे समजा की विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर आहे आणि त्याला नीट पूर्वेला, म्हणजे ९० अंशांच्या रेषेवर जायचे आहे. उत्तरेकडून ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत आहे. नाक सरळ पूर्वेला ठेवले तर वारा विमानाला दक्षिणेकडे ढकलत नेईल. म्हणून वैमानिक नाक सुमारे दहा अंश वाऱ्याकडे वळवतो. होकायंत्रात ८० दिसते, पण विमान जमिनीवरून ९० च्या रेषेनेच सरकते. काम झाले आणि परतायची वेळ आली. ८० च्या उलट २६०. विद्यार्थ्याने २६० धरले तर काय होईल? घराची रेषा २७० ची आहे. नाक आधीच दहा अंश दक्षिणेला झुकलेले, त्यात वारा त्याला आणखी सुमारे दहा अंश दक्षिणेला ढकलणार. साठ किलोमीटर गेल्यावर तो आपल्या रेषेपासून सुमारे वीस किलोमीटर बाजूला असेल! खरा आकडा २८० होता. वारा तोच होता. पण जाताना जो डाव्या हाताला होता तो येताना उजव्या हाताला आला. परतणाऱ्याला त्याच वाऱ्याशी दुसऱ्या बाजूने झुंजावे लागते.

पश्चात्तापाविषयी आपली समजूत पुष्कळदा त्या विद्यार्थ्यासारखीच असते. वाईट केले होते, आता ते करायचे नाही, झाला पश्चात्ताप! जक्कय जकातदाराचे उदाहरण पाहा (लूक १९). त्याने फक्त लुबाडणे थांबवले असते तर तो यरीहोत एक चांगला जकातदार म्हणून राहिला असता. परंतु त्याच्या जीवनात लोभाचा वारा वर्षानुवर्षे एकाच बाजूने वाहत होता, म्हणून त्याने आपले नाक त्या वाऱ्यावर रोखले. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना दिली आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. हे नियमापेक्षा जास्त होते खरे, परंतु त्या वाऱ्यात घरी पोहोचायला तितकेच लागत होते.

येथे आपण सर्वांनी एक प्रश्न मनाला विचारायला हवा. परतणाऱ्याच्या वाटेवरचा आडवा वारा कोण असतो? दहा वर्षे देवळाची पायरी न चढलेला एखादा भाऊ रविवारी सकाळी येऊन शेवटच्या बाकावर बसतो. उपासना संपताच आपल्यापैकी कोणी त्याला म्हणतो, ‘काय हो, आज वाट चुकलात वाटते?’ दुसरा विचारतो, ‘वर्गणी किती वर्षांची राहिली आहे?’ एखादी बहीण घरच्या भांडणानंतर, लोकांच्या तोंडाला तोंड देत येते, आणि आपली कुजबुज तिला दारातच ऐकू येते. त्या भावाला पिण्याची सवय सोडणे जितके जड गेले नसेल, तितके आपल्या नजरा ओलांडून पुढच्या बाकापर्यंत येणे जड जाते. जाताना आपण त्याला थांबवले नाही. आता येताना आपलाच वारा त्याला बाजूला ढकलतो. वारा देवाच्या घरातूनच वाहू लागला तर परतणाऱ्याने नाक कोठे रोखावे?

होकायंत्राजवळचे लोखंड

आता होकायंत्राविषयी थोडे. आजच्या विमानात उपग्रहांच्या साह्याने जागा दाखवणारी यंत्रे आली आहेत, तरीही साधे चुंबकी होकायंत्र वैमानिकाच्या समोरून काढून टाकलेले नाही. सर्व वीज गेली तरी ते चालते. परंतु त्याच्या काही मर्यादा आहेत.

एक तर, त्याच्या जवळ लोखंड किंवा विजेची तार असेल तर सुई तिकडे ओढली जाते. म्हणून प्रत्येक विमानाचे होकायंत्र जमिनीवर निरनिराळ्या दिशांना फिरवून तपासतात आणि कोणत्या दिशेला किती अंशांची चूक होते त्याचा तक्ता करून तो यंत्राशेजारी लावतात. किती प्रामाणिक रीत ही! यंत्र म्हणते, ‘माझ्यात इतकी चूक आहे, ती धरून मला वाचा.’ आपली सदसद्विवेकबुद्धी देवाने दिलेली आहे, परंतु तिच्याजवळ आपण काय काय आणून ठेवतो! पैसा, जात, घराण्याचा मोठेपणा, मंडळीतील पद. मग ती सुई आपल्याला हवे तेच दाखवू लागते आणि आपण म्हणतो, ‘माझे मन मला दोष देत नाही.’ देवाच्या वचनाशी ताडून पाहिल्यावाचून तिच्यातील चूक आपल्याला समजत नाही.

दुसरे असे की, विमान वळत असताना किंवा वेग वाढवत असताना होकायंत्र खरे सांगत नाही. आपल्या उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेले विमान वळू लागले, तर सुई काही क्षण उलट्याच बाजूला वळल्याचे दाखवते. म्हणून विमान सरळ आणि स्थिर असतानाच आकडा वाचावा असा नियम आहे. घाईत, रागात, भांडणाच्या भरात घेतलेला निर्णय देवाची इच्छा म्हणून सांगणाऱ्यांनी हा नियम पाठ करावा. सकाळची शांत वेळ, बंद खोलीतील प्रार्थना ही आपल्या सोयीसाठी नाही, सुई स्थिर व्हावी यासाठी आहे.

आणि तिसरे : ढगात शिरल्यावर वैमानिकाला आपल्या शरीराच्या जाणिवेवर भरवसा ठेवता येत नाही. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर एक प्रयोग झाला. यंत्रांवरून विमान चालवण्याचे शिक्षण न घेतलेल्या या लोकांना, बाहेरचे काहीच दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. त्या सर्वांचा ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटांच्या आत! आपण सरळ चाललो आहो असे वाटत असतानाच विमान गिरक्या घेत खाली जाऊ लागते. त्याच लोकांना मग एक गोष्ट शिकवली गेली : घाबरून धडपड न करता, यंत्राकडे पाहत, सावकाश १८० अंश वळून ज्या स्वच्छ आकाशातून आलो तिकडे परतावे. शिकल्यावर बहुतेक सर्वांना ते साधले. त्या प्रयोगाचे नावही १८० अंशांच्या वळणावरूनच पडले.

घर मागे पडले

आता एक खरी आणि दुःखाची हकिगत ऐका. ४ एप्रिल १९४३ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेचे एक बाँबफेकी विमान लिबियातील सोलुक या तळावरून इटलीतील नेपल्सवर हल्ला करायला निघाले. विमानाचे नाव ‘लेडी बी गुड’. आत नऊ तरुण होते. परतताना रात्र झाली. भूमध्य समुद्र ओलांडून दक्षिणेला किनाऱ्याकडे यायचे होते. मध्यरात्रीनंतर वैमानिक हॅटन यांनी रेडिओवरून कळवले की आमचे दिशादर्शक यंत्र चालत नाही, आम्हाला दिशा सांगा.

बेनिना येथील रेडिओ केंद्राने त्यांचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे शोधून दिशाकोन दिला. तो ३३० अंश होता असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, म्हणजे वायव्येच्या बाजूला, समुद्रावर. परंतु त्या काळच्या अशा यंत्राची एक उणीव होती. आवाज कोणत्या रेषेवरून येतो हे ते सांगे, पण रेषेच्या कोणत्या टोकाकडून हे त्याला सांगता येत नसे. ३३० ची उलट दिशा १५०. विमान समुद्रावर वायव्येला असते तरी तोच आकडा आला असता, आणि तळ ओलांडून आग्नेयेला वाळवंटावर असते तरीही तोच. विमान तळाच्या वरून केव्हाच पुढे गेले होते. खालून इशाऱ्याचे प्रकाशगोळेही सोडले होते असे सांगतात, ते त्यांना दिसले नाहीत. घर अजून पुढे आहे या समजुतीने ते दीडशेच्या दिशेने जात राहिले. नाक सरळ होते, वेग चांगला होता, इंजिने ठीक चालत होती. आणि प्रत्येक मिनिटाला घर मागे मागे पडत होते.

पहाटे दोनच्या सुमारास इंधन संपत आले तेव्हा त्यांनी हवाईछत्र्यांनी उड्या घेतल्या. एकाची छत्री नीट उघडली नाही आणि तो मरण पावला. उरलेले आठ जण किनारा जवळच असेल असे समजून उत्तरेकडे चालू लागले. त्यांच्याजवळ जेमतेम अर्धी बाटली पाणी होते. आठ दिवस ते जगले आणि चालले, हे सहवैमानिक टोनर यांच्या रोजनिशीवरून पुढे कळले. पैकी काहींनी शंभर किलोमीटरहून अधिक वाट तुडवली; परंतु समुद्र सहाशे-सातशे किलोमीटर दूर होता. त्यांतील एकही वाचला नाही. १९५८ मध्ये तेलाचा शोध घेणाऱ्यांना ते विमान वाळूत पडलेले आकाशातून दिसले, तळापासून सुमारे ७०० किलोमीटरवर. लोक त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा आत थोडे पाणी आणि अन्न तसेच होते.

त्यांना आपण दोष देत नाही. काळोख होता, यंत्र बंद होते, वारा अंदाजापेक्षा जोराचा असावा. परंतु ही हकिगत वाचल्यावर आम्ही लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा उघडला, आणि दाखल्यातील दोन मुलगे आम्हाला एका रेषेच्या दोन टोकांवर उभे असलेले दिसले.

धाकटा दूर देशी होता. त्याचे घर त्याच्या पुढे होते. त्याने उठून त्या दिशेने चालायला आरंभ केला की झाले. थोरला मात्र कधी घर सोडून गेलाच नाही असे आपण म्हणतो. तो शेतात राबत होता, आज्ञा पाळत होता, वर्षांमागून वर्षे सरळ रेषेत चालत होता. परंतु बापाचे अंतःकरण ज्या ठिकाणी होते, ते ठिकाण तो केव्हाच ओलांडून पुढे गेला होता. वाजंत्रीचा आवाज त्याला ऐकू आला, तरी तो आत जाईना. घर मागे पडले आहे हे त्याच्या लक्षातच येत नव्हते, कारण त्याचा आकडा बरोबर होता!

बंधूंनो, दूर देशी गेलेल्याला आपण भटकलो हे निदान ठाऊक असते. पण नेमाने उपासनेला येणारे, गायनात पुढे असणारे, पंचमंडळात बसणारे, आमच्यासारखे उपदेश करणारे, आपण सर्वांनी भ्यावे ते या दुसऱ्या टोकाला. सवयीच्या वेगाने आपण प्रीतीच्या वरून उडत पुढे गेलो असू, आणि खाली पेटवलेले दिवे आपल्याला दिसलेही नसतील. हे ओळखावे कसे? थोरल्या मुलावरून ओळखावे. भाऊ घरी आल्याचा आनंद आपल्याला होत नसेल, तर घर आपल्या पुढे नाही, मागे आहे.

शब्बाथशाळेसाठी

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा अंगणात घ्यावा. खडूने मोठे वर्तुळ काढावे, उत्तरेला ३६०, पूर्वेला ९०, दक्षिणेला १८०, पश्चिमेला २७० लिहावे आणि मध्यभागी ‘बापाचे घर’ असे लिहावे. एका मुलाला मध्यापासून ६० अंशांच्या दिशेने चालवत न्यावे, दुसऱ्याला २४० च्या. मग वर्गाला विचारावे, ‘यांनी घरी यायला कोणत्या दिशेने चालावे?’ पहिल्याने २४० च्या दिशेने, दुसऱ्याने ६० च्या. आता दोघांनाही एकच आज्ञा द्यावी : ‘२४० च्या दिशेने चाला!’ एक घरी येईल आणि दुसरा वर्तुळाबाहेर जाईल. मुले हसतील, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात येईल की दुसऱ्याच्या पश्चात्तापाचे शब्द घोकून आपले परतणे होत नाही. पापी जकातदार आणि धार्मिक परूशी, दोघांनाही प्रभू आपल्याकडेच बोलावतो, पण एकाला म्हणतो, ‘उठून ये’, तर दुसऱ्याला, ‘वळून ये’.

वळायला लागणारा वेळ

शेवटी एक दिलाशाची गोष्ट. साधारण विमानाच्या नेहमीच्या वळणाचा वेग सेकंदाला तीन अंश धरतात. म्हणजे पूर्ण उलट फिरायला एक मिनिट लागते, फक्त एक मिनिट! वर्षे किती वाया गेली, किलोमीटर किती झाले, याच्याशी त्या मिनिटाचा संबंध नाही. शंभर किलोमीटर चुकलेल्यालाही वळायला मिनिटच लागते आणि सातशे चुकलेल्यालाही. मात्र वळण होईपर्यंत हात स्थिर ठेवावा लागतो, आणि वळल्यावर वाट चालावीच लागते. परतीची वाट चालण्याचे कष्ट देव पुसून टाकत नाही. इंधन मात्र अमर्याद नाही, हेही विसरू नये. म्हणून वळायचे ते आजच.

आणि ती वाट एकट्याने चालायची नाही. दाखल्यातील बाप दोनदा घराबाहेर आला आहे, हे तुमच्या लक्षात आले काय? धाकटा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि तो धावत त्याच्याकडे गेला. थोरला आत येईना तेव्हाही बापच बाहेर येऊन त्याची समजूत घालू लागला. बेनिनाच्या केंद्राला रेषेचे कोणते टोक हे समजले नाही. आपल्या बापाला ते समजते. तो रेषेच्या दोन्ही टोकांकडे चालत जातो.

धाकट्याचे काय झाले हे प्रभू येशूने सांगितले आहे. थोरला आत गेला की नाही, ते सांगितलेले नाही. ती जागा त्याने आपल्यासाठी रिकामी ठेवली आहे. येत्या रविवारी शेवटच्या बाकावर कोणी नवा-जुना चेहरा दिसला, तर उठून त्याच्याकडे जा, त्याच्या शेजारी बसा आणि आपले गीतपुस्तक त्याच्यापुढे धरा. कदाचित त्याच पावलांनी आपणही घरी पोहोचू.

हे स्वर्गीय बापा, जे दूर आहेत त्यांना तुझ्याकडे येण्याची दिशा दाखव. जे पुढे निघून गेले आहेत त्यांना वळण्याची कृपा दे. आणि परतणाऱ्यांच्या वाटेवर आमचा आडवा वारा होऊ देऊ नको. आमेन.